चोवीस वर्षांच्या नोकरीनंतर टीईटी: आमच्या शाळेतल्या बाईंचं प्रकरण

१ सप्टेंबर २०२५, सोमवार. गौरी जेवायचा दिवस. बाईंच्या घरी पुरणाचा घाट घातलेला, आणि तेवढ्यात शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी येऊन पडली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला होता: पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हावी लागणार. संध्याकाळी बाईंचा फोन आला. मागे आरतीचा आवाज होता. "सर, ते ग्रुपवर आलंय ते खरं आहे का? का नेहमीसारखं कुणीतरी काहीतरी पुढे पाठवलंय?"

मी निकालाची बातमी दोन-तीन ठिकाणी तपासली होती. खरं आहे, म्हटलं. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बरं, उद्या गौरी बोळवून येते, मग बघू."

पुढचे तीन महिने आम्ही दोघांनी जे केलं ते इथे मांडतो आहे. बाईंनी लिहायला परवानगी दिली आहे, नाव-गाव न घालण्याच्या अटीवर. अशा हजारो बाई आणि गुरुजी आज याच जागी आहेत, म्हणून कुठे अडलो, कुठे चुकलो आणि कशाचा उपयोग झाला ते नीट सांगतो.

शाळा, बाई आणि मी

आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा आहे, सातारा जिल्ह्याच्या डोंगराकडच्या भागात. पहिली ते पाचवी, पट एकतीस. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी ते पाचवी माझ्याकडे. मी २०२४ मध्ये शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून लागलो, अजून शिक्षणसेवकच आहे, मानधन १६,००० रुपये.

बाई २००० साली डी.एड. झाल्या आणि २००१ मध्ये शिक्षणसेवक म्हणून लागल्या. तेव्हा मानधन ३,००० रुपये होतं. नोकरी, दोन मुलं आणि सासूबाईंचं आजारपण सांभाळून त्यांनी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. बारा वर्षांच्या सेवेनंतरची पगाराची वरिष्ठ श्रेणी घेतली. जून २०२५ मध्ये चोवीस वर्षं पूर्ण झाली, म्हणून निवड श्रेणीच्या प्रशिक्षणाचे दोन हजार रुपये भरून तेही ऐन उन्हाळी सुट्टीत पूर्ण केलं. बाईंकडे एक निळी प्लॅस्टिकची फाईल आहे. दहावीच्या गुणपत्रकापासून निवड श्रेणीच्या प्रमाणपत्रापर्यंत सगळं त्यात तारखेप्रमाणे लावलेलं आहे. निकालानंतरच्या पहिल्या दिवशी त्या ती फाईल घेऊनच शाळेत आल्या. टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "यातलं कुठलं चालत नाही ते सांगा."

निकाल काय सांगतो

हे प्रकरण आपल्याच राज्यातून गेलेलं आहे: अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन. न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती मनमोहन यांच्या पीठाने निकाल दिला. अल्पसंख्याक संस्थांना शिक्षणहक्क कायदा लागू होतो का, हा प्रश्न त्यांनी मोठ्या पीठाकडे पाठवला. बाकीच्यांसाठी मात्र चित्र स्पष्ट केलं. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी काळ उरला आहे, ते टीईटीशिवाय सेवा पूर्ण करू शकतात, पण त्यांना पदोन्नती हवी असेल तर टीईटी लागेल. ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा बाकी आहे आणि जे कायद्याच्या आधी लागले, त्यांनी दोन वर्षांत परीक्षा उत्तीर्ण व्हायची. नाही झाले तर सेवा सोडावी लागेल किंवा सक्तीची निवृत्ती, नियमाने मिळणारे निवृत्तीचे लाभ देऊन.

बाईंचा जन्म १९८० चा. अठ्ठावन्न होणार २०३८ मध्ये. म्हणजे सूट नाही, आणि मुदत ऑगस्ट २०२७ अखेर.

बाईंच्या फाईलकडे पाहताना सगळ्यात अवघड गेलं ते एकाच गोष्टीचा उलगडा करणं. आपल्याकडे शिक्षकाच्या "पुढे जाण्याच्या" तीन वेगळ्या वाटा आहेत आणि त्यांची कागदपत्रं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. वरिष्ठ श्रेणी आणि निवड श्रेणी ही वेतनाची बाब आहे. सेवेची वर्षं आणि प्रशिक्षण त्यासाठी लागतं, निवड श्रेणीला वाढीव शैक्षणिक अर्हता आणि वीस टक्क्यांची मर्यादाही आहे. पदोन्नती ही ज्येष्ठतेची बाब आहे. आणि पात्रता ही कायद्याची बाब आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २३ प्रमाणे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने किमान पात्रता ठरवली, त्यात टीईटी आली. महाराष्ट्राने ती १३ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाने लागू केली. बाई त्याच्या किती तरी आधी लागल्या होत्या, त्यामुळे बारा वर्षं कुणी त्यांना विचारलं नाही. म्हणून बाईंना वाटत होतं की जूनमधलं प्रशिक्षण हे सगळ्यात नवं, म्हणजे तेच सगळ्यात वरचं. "सरकारनेच घेतलं ना ते? मग तेच सरकार आता अपात्र कसं म्हणेल?" या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. ते प्रशिक्षण पगारासाठी, आणि ही परीक्षा पदावर राहण्यासाठी, एवढंच सांगू शकलो.

माझं प्रमाणपत्र

इथे माझी गोष्ट थोडी सांगायला हवी, कारण बाईंना तिच्यामुळेच पटलं.

महाराष्ट्रातली पहिली टीईटी १५ डिसेंबर २०१३ ला झाली. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि पहिल्या फटक्यात पास झालो. प्रमाणपत्रावर सात वर्षांची मुदत होती. गंमत नाही, त्या सात वर्षांत मला नोकरी मिळाली नाही. मे २०१२ पासून भरतीवर बंदी होती. भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली, त्यात माझे गुण कमी पडले. मी खाजगी शाळेत आणि शिकवण्यांत दिवस काढत होतो आणि दर वर्षी तो कागद काढून किती वर्षं उरली ते मोजत होतो. मुदत संपत आली होती, नव्याने परीक्षेला बसायची मनाची तयारी झाली होती. तेवढ्यात जून २०२१ मध्ये केंद्राने टीईटीचं प्रमाणपत्र आजीवन केलं, तेही २०११ पासून मागच्या तारखेने. २०२३ ची अभियोग्यता चाचणी मी त्याच जुन्या कागदावर दिली आणि २०२४ मध्ये लागलो.

मी बाईंना एवढंच म्हटलं: "बाई, आता हे एकदाच करायचं आहे. माझ्यासारखं सात वर्षांनी परत नाही." त्यांनी फाईलमधला एक रिकामा कप्पा दाखवला. "ठीक. ही जागा त्याची."

थांबायचं की बसायचं

निश्चय झाला तरी तीन आठवडे वाया गेलेच. कारण भोवतालचं वातावरण. संघटना आंदोलनाची तयारी करत होत्या, काही राज्यांनी पुनर्विचारासाठी न्यायालयाकडे धाव घेतली होती. एक जाणते सहकारी बाईंना म्हणाले, "घाई कशाला? निकाल फिरेल. आत्ता बसलात आणि नापास झालात तर तेच रेकॉर्डवर येईल." हे शेवटचं वाक्य बाईंच्या मनात घर करून बसलं.

मला या सल्ल्याचा राग आला आणि अजून येतो. कारण परीक्षेचा इतिहास पाहिला की थांबणं किती धोक्याचं आहे ते कळतं. राज्याची टीईटी कागदावर नियमित असली तरी प्रत्यक्षात तशी होत नाही. जानेवारी २०२० नंतर ती नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. मग गैरव्यवहार उघड झाला, सात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली, आणि पुढची परीक्षा थेट १० नोव्हेंबर २०२४ ला. मध्ये तीन वर्षं काहीच नाही. केंद्राची पात्रता परीक्षा, सीटीईटीसुद्धा, डिसेंबर २०२४ नंतर फेब्रुवारी २०२६ पर्यंत झाली नाही. दोन वर्षांच्या मुदतीत मोजून किती संधी मिळतील याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. त्यातली पहिली संधी २३ नोव्हेंबर २०२५ ची होती. निकाल फिरला तर अभ्यास वाया जात नाही, निकाल कायम राहिला आणि संधी गेली तर ती परत येत नाही. नापास झाल्याने कुठल्याही सेवापुस्तकात काही लिहिलं जात नाही, हेही मी बाईंना शांतपणे सांगितलं.

एवढ्याने त्या तयार झाल्या असं नाही. त्यांच्या मुलीने तयार केलं. ती बारावीला आहे. ती म्हणाली, "आई, मी पण परीक्षेला बसते आहेच की."

अर्ज

अर्ज सप्टेंबरच्या मध्यात सुरू झाले होते. आम्ही मुदत संपायला चार दिवस असताना बसलो, शाळा सुटल्यावर, माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर. आमच्याकडे रेंज फक्त वऱ्हांड्याच्या डाव्या कोपऱ्यात येते.

पहिली अडचण नावाची. दहावी, बारावी, डी.एड. माहेरच्या नावाने. सेवापुस्तक, आधार आणि बी.ए. सासरच्या नावाने. पंचेचाळिशीच्या बहुतेक शिक्षिकांचं हेच आहे आणि याकडे आधी कुणी लक्ष देत नाही. अर्जात नाव बदलाची माहिती भरताना विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र लागणार म्हणून शोधाशोध झाली. ते निळ्या फाईलीत नव्हतं. सासूबाईंच्या पत्र्याच्या पेटीत निघालं, लग्नपत्रिकेच्या घडीत. ज्यांना पुढच्या वेळी बसायचं आहे त्यांनी हा कागद आणि नावबदल राजपत्रात छापला असेल तर त्याची प्रत आजच काढून ठेवावी. ऐन वेळी ग्रामपंचायतीत खेटे घालायला वेळ नसतो.

दुसरा प्रश्न खरा महत्त्वाचा होता: पेपर एक, पेपर दोन, की दोन्ही?

पेपर एक पहिली ते पाचवीला शिकवणाऱ्यांसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. दोन्ही दीडशे गुणांचे, दीडशे प्रश्न, अडीच तास. बाई पहिली-दुसरीला शिकवतात, म्हणजे नोकरी टिकवायला पेपर एक. पण बी.ए. असल्याने त्या पदवीधर शिक्षकाच्या पदोन्नतीला ज्येष्ठतेत आल्या होत्या, आणि ते पद सहावी ते आठवीचं. तिथे पेपर दोन. ग्रुपवर कुणी म्हणे पेपर दोन केला की सगळं झालं, कुणी म्हणे दोन्ही लागतात. आम्ही त्या वादात शिरलो नाही. ज्या वर्गाला शिकवतो त्याचा पेपर आधी भक्कम करायचा आणि ज्या वर्गावर जायची इच्छा आहे त्याचाही द्यायचा, असं ठरवलं. तयारीचा वेळ मात्र समान वाटायचा नाही. चार हिस्से पेपर एकला, एक हिस्सा पेपर दोनला. मला आजही वाटतं की संपूर्ण प्रकरणात हाच निर्णय सगळ्यात बरोबर होता.

चौऱ्याहत्तर

एका रविवारी घड्याळ लावून जुना पेपर एक सोडवायला बसवलं. बाई खुल्या प्रवर्गातल्या, त्यांना साठ टक्के, म्हणजे नव्वद गुण हवेत. मिळाले चौऱ्याहत्तर. मराठी २४, गणित १६, परिसर अभ्यास १५, बालमानसशास्त्र १०, इंग्रजी ९.

आकड्यांपेक्षा मला दुसरी गोष्ट खटकली. त्यांचे बावीस प्रश्न सोडवायचेच राहिले होते. चूक उत्तराला गुण कापत नाहीत, तरी बावीस गोल कोरे. विचारलं तर म्हणाल्या, "येत नाही ते कसं रंगवायचं? मुलांना आपण अंदाजे लिहू नका सांगतो." चोवीस वर्षांची सवय आहे ती, आणि चांगली सवय आहे. पण या परीक्षेत ती महागात पडते.

दुसरं म्हणजे बालमानसशास्त्रात दहा. ज्या बाईंकडे पहिलीतलं रडणारं मूल तिसऱ्या दिवशी दप्तर घेऊन धावत येतं, त्यांना बालमानसशास्त्रात तीसपैकी दहा. मी चुकलेले प्रश्न एकेक करून वाचले तेव्हा लक्षात आलं, बाईंना गोष्ट माहीत होती, गोष्टीचं पुस्तकातलं नाव माहीत नव्हतं. "समीप विकास क्षेत्र ही संकल्पना कोणाची?" याला त्यांनी स्किनर लिहिलं. पण त्याच बाई दुसरीतल्या एका मुलाला, ज्याला हातच्याची वजाबाकी जरा जमते आणि जरा नाही, माझ्या तिसरीतल्या मुलीशेजारी मुद्दाम बसवतात आणि आठवड्याने उठवतात. ही संकल्पना मांडणारा वायगोत्स्की याच्यापेक्षा वेगळं काही सांगत नाही.

तेव्हापासून आम्ही अभ्यासाची दिशाच बदलली. बाजारातली जाड पुस्तकं बाजूला ठेवली. रोज एक संकल्पना घ्यायची आणि आपल्या वर्गात ती कुठे दिसते ते शोधायचं.

मुलांचा विचार टप्प्याटप्प्याने वाढतो असं सांगणाऱ्या पियाजेचा दिवस मी विसरणार नाही. मधल्या सुट्टीआधी, पोषण आहाराच्या खोलीत, बाईंनी दोन सारख्या वाट्या घेतल्या आणि दोन्हींत काठोकाठ आमटी भरली. पहिलीतली सहा मुलं समोर उकिडवी बसली. "दोन्हीत सारखी आहे का रे?" सगळी म्हणाली, सारखी. मग बाईंनी एक वाटी उंच स्टीलच्या पेल्यात ओतली. "आता कशात जास्त?" एक पोरगा लगेच म्हणाला, "पेल्यात!" बाईंनी पेल्यातली आमटी परत वाटीत ओतली. "आता?" "सारखी." परत पेल्यात. "आता?" "पेल्यात जास्त. बाई, मला पेला." मग दुसरीतल्या थोरल्या मुलीला बोलावलं. तिने पेल्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "तीच तर ओतली तुम्ही."

बाईंनी पदराला हात पुसले आणि माझ्याकडे वळल्या. "म्हणजे हा पूर्वक्रियात्मक आणि ही मूर्त क्रियात्मक. दोन ते सात आणि सात ते अकरा." त्यानंतर पियाजेवरचा एकही प्रश्न त्यांचा चुकला नाही. आणि त्या मुलाला त्या दिवशी आमटी पेल्यातच मिळाली.

इंग्रजीसाठी असा मार्ग सापडला नाही. तिथे रोज दहा ओळींचा उतारा आणि त्यावरचे प्रश्न, एवढंच करत राहिलो. बाईंची मुलगी रात्री तपासायची. गणितात बाईंना येत सगळं होतं, वेग नव्हता. त्या प्रत्येक उदाहरण फळ्यावर मांडल्यासारखं पूर्ण मांडायच्या. पायऱ्या गाळायला शिकणं त्यांना जड गेलं.

वेळ कुठून आणला

याबद्दल थोडं परखड लिहिणार आहे. किमान पात्रता असावी, ही अट मला मान्य आहे. मूल कुठल्या शाळेत जातं यावर त्याला शिकलेला शिक्षक मिळणं अवलंबून नसावं. २०१७ च्या दुरुस्तीतही नोकरीतल्या शिक्षकांना किमान अर्हता मिळवायला चार वर्षं दिली होतीच. पण पंचेचाळीस-पन्नासाव्या वर्षी नोकरीच पणाला लावायची असेल तर निदान अभ्यासाला वेळ द्यायला हवा. एका दिवसाचीही अभ्यास रजा नाही. उलट त्याच दिवसांत ऑनलाइन माहित्या, मतदार यादीचं काम, आणि २ डिसेंबरच्या नगरपरिषद निवडणुकीची तयारी. बाईंचं निवडणुकीचं प्रशिक्षण परीक्षेच्याच आठवड्यात आलं. ज्या यंत्रणेला पात्र शिक्षक हवे आहेत तिने केंद्रशाळेच्या पातळीवर आठवड्यातून एक दुपार दिली असती, तालुक्यातल्या टीईटी झालेल्या तरुण शिक्षकांना शिकवायला लावलं असतं, तरी खूप झालं असतं. आम्ही तयार होतो. कुणी विचारलं नाही.

मग वेळ सापडला तो पहाटे पाच ते सव्वासहा, आणि दिवाळीच्या सुट्टीत. बाईंनी त्या दिवाळीला चकली आणि लाडू एवढंच केलं, बाकीचं विकत आणलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच, असं त्यांच्या यजमानांनी मला सांगितलं आणि पुढे म्हणाले, "पण तुम्ही काळजी करू नका सर, शंकरपाळे मी तळले."

शेवटच्या तीन रविवारी पूर्ण सराव. पहिल्याच रविवारपासून एक नियम केला: शेवटची दहा मिनिटं राहिली की उरलेले सगळे गोल रंगवायचे, येवो न येवो. बाईंनी नाराजीने मानला.

२३ नोव्हेंबर

केंद्र साताऱ्याला. पहिला पेपर साडेदहाला, पण पहिली एसटी चुकली तर दुसरी धोक्याची, म्हणून आदल्या रात्री त्या बहिणीकडे मुक्कामाला गेल्या. दुपारी मधल्या वेळात मी फोन केला. "इंग्रजीचा उतारा सोपा होता," म्हणाल्या. "आणि सर, गोल सगळे रंगवले." दुसरा पेपर अडीच ते पाच. संध्याकाळच्या फोनला आवाज बसलेला होता. केंद्राबाहेर त्यांना त्यांच्याच डी.एड. बॅचची एक मैत्रीण भेटली होती, तब्बल पंचवीस वर्षांनी. दोघींनी बसस्थानकावर चहा घेतला. ती म्हणे आठवडाभर झोपली नव्हती.

अंतरिम उत्तरसूची आली तेव्हा बाई प्रश्नपुस्तिका घेऊन आल्या. त्यांनी प्रत्येक उत्तराला पेन्सिलने बारीक खूण केली होती. मी सूची वाचत गेलो, त्या टिक करत गेल्या. पेपर एक: मराठी २५, गणित १८, परिसर १८, इंग्रजी १४, बालमानसशास्त्र २०. बेरीज त्यांनी दोनदा केली, मग माझ्याकडून करून घेतली. पंचाण्णव. नव्वदच्या वर पाच. अंतिम सूचीत एखाद-दुसरा प्रश्न इकडेतिकडे झाला तरी पुरेल इतकं.

पेपर दोन: मराठी २३, इंग्रजी १२, बालमानसशास्त्र १७, सामाजिक शास्त्र साठपैकी २९. एक्क्याऐंशी. नऊ कमी.

म्हणजे या मोजणीप्रमाणे पद राहतं, पदोन्नती थांबते. चार हिस्से आणि एक हिस्सा असं जे वाटप केलं होतं त्याचंच हे फळ आहे आणि ते आम्ही जाणूनबुजून केलं होतं. तरी त्या संध्याकाळी मला वाईट वाटलं. पदवीधरसाठी ज्येष्ठतेत आलेलं नाव बाईंनी खूप वर्षं वाट पाहून मिळवलं होतं. त्यांना मात्र दुसराच हिशेब पडला होता. बालमानसशास्त्र दहावरून विसावर गेलं, हे त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं होतं, बाजूला पियाजे, वायगोत्स्की, कोहलबर्ग अशी नावं.

आता पुढची तयारी सामाजिक शास्त्राची. एकोणतीसवरून अडतीसवर जायचं आहे. सहावी ते आठवीची इतिहास आणि भूगोलाची पुस्तकं शेजारच्या गावच्या केंद्रशाळेतून आणली आहेत. बाई सध्या वायुदाब पट्टे आणि अक्षवृत्तांवर अडल्या आहेत. काल त्यांनी मला विचारलं, "सर, तुमच्या पाचवीचा पृथ्वीगोल जरा द्याल का? पहिलीच्या पोरांना दिवस-रात्र दाखवते, म्हणजे माझंही होईल."

पृथ्वीगोलाचा एका बाजूचा खिळा निघाला होता. मी तो तारेने बांधून दिला.